शेवगा कुल

शेवगा कुल किंवा शिग्रू कुल (शास्त्रीय नाव: मोरिंगेसी) हे द्विदलिकित फुलझाडांचे एक लहान कुल आहे. त्यात मोरिंगा ही एकच प्रजाती असून तिच्यात १३ जाती मानल्या जातात. या सर्व जाती झुडपे किंवा वृक्ष आहेत. आफ्रिका, मादागास्कर, अरबस्तान आणि भारतीय उपखंड यांतील उष्ण व बहुधा कोरड्या प्रदेशांत त्या नैसर्गिकरीत्या आढळतात. भाजीचा शेवगा (मोरिंगा ओलिफेरा) ही या कुलातील सर्वांत परिचित जाती असून तिची लागवड आता जगाच्या जवळजवळ सर्व उष्ण प्रदेशांत होते. तिच्या प्रसिद्धीमुळे 'शेवगा' किंवा 'मोरिंगा' म्हणजे एकच झाड असा सर्वसाधारण समज झाला आहे. प्रत्यक्षात उरलेल्या १२ जातींमध्ये बाटलीसारख्या फुगीर खोडाचे वृक्ष आहेत, जमिनीखालच्या कंदातून दर पावसाळ्यात उगवणारी लहान झुडपे आहेत आणि भारतातीलच एक रानटी जातीही आहे. यांपैकी काही जाती अत्यंत मर्यादित क्षेत्रात तग धरून आहेत.

नाव

मोरिंगा हे प्रजातीचे नाव दक्षिण भारतातील भाषांतून आले आहे. तमिळमध्ये या झाडाला मुरुंगै व मल्याळममध्ये मुरिंगा म्हणतात. हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड यांच्या 'हॉर्टस मलाबारिकस' या ग्रंथाच्या सहाव्या खंडात (१६८६) ते 'मूरिंगू' या नावाने सचित्र वर्णिलेले आहे. मिशेल अ‍ॅडॅन्सन यांनी १७६३ मध्ये मोरिंगा ही प्रजाती स्थापन केली आणि रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ इव्हान मार्टिनोव्ह यांनी १८२० मध्ये तिच्यावरून कुलाला नाव दिले.

संस्कृतमध्ये शेवग्यास शिग्रू, शोभांजन अशी नावे आहेत. त्याच्या तिखट बियांना निघंटूंमध्ये श्वेतमरिच, म्हणजे पांढरी मिरी, असे म्हटले आहे. हिंदीतील सहजन, गुजरातीतील सरगवो, कन्नडमधील नुग्गे आणि कोंकणीतील मशिंग ही याच झाडाची नावे होत. जुन्या मराठी औषधी ग्रंथांत मोरिंगा टेरिगोस्पर्मा हे शास्त्रीय नाव आढळते. त्याचा अर्थ 'पंख असलेल्या बियांचा' असा होतो. हे नाव योसेफ गेर्टनर यांनी १७९१ मध्ये दिले होते. परंतु त्यापूर्वीच, १७८५ मध्ये, लामार्क यांनी मोरिंगा ओलिफेरा (तेल देणारा) हे नाव प्रसिद्ध केले होते. नामकरणाच्या नियमांत अग्रक्रमाला महत्त्व असल्याने आता तेच ग्राह्य धरले जाते. दोन्ही नावे एकाच जातीची आहेत.

शारीरिक लक्षणे

कुलातील जातींच्या आकारमानात मोठा फरक आहे. उत्तर सोमालियातील मोरिंगा पिग्मिया हे अगदी खुजे झुडूप आहे, तर बाटलीवृक्षांची खोडे मोठी व जाड असतात. लाकूड मऊ असते. खोडाच्या भेंडात डिंकनलिका असतात. सालीला जखम झाल्यास पाझरणारा डिंक प्रथम पांढुरका असतो व हवेत राहिल्यावर तांबूस-तपकिरी होतो. शेवग्याची फांदी सहज काडकन मोडते, हे ज्यांच्या परसात झाड आहे त्यांना सांगावे लागत नाही. फांद्यांवर चढून शेंगा काढण्याऐवजी आकडीने काढण्याची पद्धत त्यामुळेच आहे.

पाने एकाआड एक आणि पिसासारखी संयुक्त असतात. ती जातीनुसार एकदा, दोनदा किंवा तीनदा विभागलेली असतात. भाजीच्या शेवग्याची पाने सामान्यतः तीनदा विभागलेली आणि दलिका लहान, लंबगोल असतात. मोरिंगा रुस्पोलियाना या जातीत पान एकदाच विभागते व तिच्या दलिका कुलात सर्वांत मोठ्या असतात. दलिकांच्या व पर्णदांड्यांच्या तळाशी बारीक, देठ असलेल्या ग्रंथी दिसतात व त्यांतून द्रव पाझरतो.

फुले द्विलिंगी असून पानांच्या बगलेत येणाऱ्या शाखित फुलोऱ्यात येतात. प्रत्येक फुलात पाच संदले व पाच पाकळ्या असतात आणि ती पेल्यासारख्या लहान पुष्पासनाच्या कडेवर आलेली असतात. पाच कार्यक्षम पुंकेसर व त्यांच्याआड येणारे वंध्य केसर अशी केसरांची रचना असते. परागकोश एका कप्प्याचे असतात. बहुसंख्य फुलझाडांत ते दोन कप्प्यांचे असल्यामुळे हे लक्षण ओळखीसाठी उपयुक्त आहे. किंजपुट ऊर्ध्वस्थ असून लहानशा देठावर उचललेले असते. ते तीन किंजदलांचे, पण एकाच कप्प्याचे असते व बीजके त्याच्या भिंतीवर ओळीने लागलेली असतात.

भाजीच्या शेवग्याचे फूल एका अंगाने विषम असते. एक पाकळी इतरांपासून वेगळी दिसते व बाकीच्या मागे वळतात. त्यामुळे वरवर पाहता ते वालाच्या किंवा घेवड्याच्या फुलासारखे वाटते. फुलांना मंद सुगंध असतो आणि मधुरसासाठी त्यांवर मधमाश्या व मोठे काळे सुतार भुंगे येतात. बाटलीवृक्षांची फुले याउलट लहान व जवळपास अरसमात्र, म्हणजे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सर्व बाजूंनी सारखी असतात.

ज्याला व्यवहारात शेंग म्हणतात ते फळ वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने शेंग नव्हे. खरी शेंग, म्हणजे तूर-वाटाण्याची, एका किंजदलापासून बनते व दोन शिवणींवर उकलते. शेवग्याचे फळ तीन किंजदलांपासून बनलेले बोंड आहे आणि वाळल्यावर ते तीन फाकांत उकलते. शेवग्याची शेंग आडवी चिरली तर तिचा तीनधारी छेद सहज दिसतो. भाजीच्या शेवग्याच्या बीला तीन कागदी पंख असतात. मोरिंगा पेरेग्रिनाच्या बिया मात्र बिनपंखी व कठीण कवचाच्या असतात.

वर्गीकरणाचा इतिहास

या कुलाला वर्गीकरणात कायमची जागा मिळण्यास दोनशेहून अधिक वर्षे लागली. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये शेवग्याचा समावेश ग्विलँडिना या प्रजातीत करून त्याला ग्विलँडिना मोरिंगा असे नाव दिले. सागरगोट्याची जातीही त्यांनी याच प्रजातीत ठेवली होती. काटेरी सागरगोटा आणि शेवगा यांना एकत्र आणण्यास कारण होते ते फुलांचे व फळांचे शिंबावंत (शेंगा येणाऱ्या) वनस्पतींशी असलेले बाह्य साम्य. पेअर फोर्सकोल या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने डॅनिश अरबस्तान मोहिमेत पाहिलेली जाती हायपरअँथेरा पेरेग्रिना या नावाने १७७५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा फोर्सकोल हयात नव्हते. १७६३ मध्ये येमेनमध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. हीच जाती आज मोरिंगा पेरेग्रिना म्हणून ओळखली जाते.

जॉर्ज बेंथॅम व जोसेफ हूकर यांनी 'जेनेरा प्लान्टेरम' या ग्रंथात शेवगा कुल कोणत्याही गणात निश्चितपणे न बसवता 'विसंगत' कुलांमध्ये ठेवले. भारतातील अनेक वनस्पतिसंग्रह व प्रादेशिक वनस्पतिकोश बेंथॅम-हूकर पद्धतीने मांडलेले असल्याने त्यांत शेवगा आंबा-काजूच्या कुलानंतर आढळतो. वायवर्णाच्या कुलाशी त्याचे नाते असावे असे मत त्यानंतर पुढे आले. यासाठी भिंतीवरील बीजके, देठावर उचललेला किंजपुट आणि विशेषतः रासायनिक साम्य ही कारणे होती.

डीएनएच्या अभ्यासाने हा प्रश्न सुटला. शेवगा कुल आता ब्रॅसिकेलीझ, म्हणजे मोहरीच्या गणात ठेवले जाते. मोहरी, कोबी व मुळा यांचे कुल, तिळवणीचे कुल, वायवर्णाचे कुल आणि पिलूचे कुल हे सर्व याच गणातले. यांतही शेवग्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक पपई कुल (कॅरिकेसी) आहे. भाजीचा शेवगा व पपई यांच्यात बाहेरून काही साम्य दिसत नाही. मात्र दोन्ही कुलांत मऊ, फुगू शकणारी खोडे, भिंतीवर बीजके असलेला एककप्पी किंजपुट आणि झणझणीत बिया आढळतात.

तिखटपणाचे रसायन

मोहरी फेसताना नाकात जाणारा झणका आणि शेवग्याच्या मुळीचा तिखटपणा यांचे मूळ एकाच प्रकारच्या रसायनांत आहे. या गणातील वनस्पतींच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे साठवलेली असतात आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) वेगळ्या पेशींत असते. पान चावले, मूळ किसले किंवा अळीने देठ कुरतडला, की ही दोन्ही एकत्र येतात व आयसोथायोसायनेट हे तिखट द्रव्य तयार होते. झाडाच्या दृष्टीने ती कीटकांपासून बचावाची योजना आहे.

शेवग्याच्या पानांतील व बियांतील मुख्य ग्लुकोसिनोलेटाला ऱ्हॅम्नोज ही एक जादा शर्करा जोडलेली असते. त्यापासून बनणारे आयसोथायोसायनेट मोहरीच्या तेलासारखे सहज उडून जात नाही. त्यामुळे शेवग्याचा पाला चुरगाळला तरी डोळ्यांना पाणी येत नाही, पण जिभेवर तिखट-कडवट चव राहते. मुळांत मात्र बेन्झिल ग्लुकोसिनोलेटही असते व त्याचा वास झोंबणारा असतो. पपईच्या बी चावल्यावर लागणारा तिखटपणाही याच संयुगामुळे येतो. ब्रिटिश अमदानीत भारतातील युरोपीय लोक हॉर्सरॅडिशच्या जागी शेवग्याची मुळी किसून वापरत. 'हॉर्सरॅडिश ट्री' हे इंग्रजी नाव त्यातून आले आहे.

हा वापर निर्धोक नाही. मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइडे असतात आणि पारंपरिक वैद्यकात मुळाची साल गर्भपातासाठी वापरली गेल्याच्या नोंदी आहेत. पाने व शेंगा हे रोजचे अन्न असले, तरी मूळ व साल यांना तोच न्याय लावता येत नाही. गर्भवतींनी मूळ, साल व त्यांचे अर्क टाळावेत असे सांगितले जाते ते याच कारणाने.

जाती व त्यांचे गट

मार्क ओल्सन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डीएनए व शरीररचना यांची माहिती एकत्र करून कुलातील जातींचे परस्परसंबंध मांडले. झाडाच्या एकूण घडणीनुसार जातींचे चार प्रकार केले जातात.

पहिला प्रकार बाटलीवृक्षांचा. यात मादागास्करमधील मोरिंगा ड्रूहार्डी व मोरिंगा हिल्डेब्रांड्टी, नामिबिया व नैर्ऋत्य अंगोलातील मोरिंगा ओव्हॅलिफोलिया आणि इथिओपिया-केनियातील मोरिंगा स्टेनोपेटाला या चार जाती येतात. फुगीर खोडात पाणी साठवून हे वृक्ष दीर्घ कोरडा हंगाम काढतात. नामिबियाच्या इटोशा राष्ट्रीय उद्यानात ओकाउक्वेयोजवळ ओव्हॅलिफोलियाच्या झाडांचा एक प्रसिद्ध समूह आहे. वेड्यावाकड्या फांद्यांमुळे त्या जागेला आफ्रिकान्स भाषेत परीकथेतील रान अशा अर्थाचे नाव पडले आहे. सहसा खडकाळ उतारांवर वाढणारी ही जाती तेथे सपाटीवर उभी आहे व हत्ती तिच्या फांद्या मोडून खातात.

स्टेनोपेटालाला भाजीच्या शेवग्याखालोखाल महत्त्व आहे. दक्षिण इथिओपियातील कोन्सो लोक डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या करून शेती करतात. त्या पायऱ्यांवर व घरांभोवती ही झाडे राखलेली असतात. त्यांची पाने कोबीसारखी शिजवून रोजच्या जेवणात खाल्ली जातात. कोन्सोच्या या सांस्कृतिक भूदृश्याचा समावेश २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. केनियात ही जाती तुर्काना व बारिंगो या सरोवरांच्या परिसरात आढळते.

दुसरा प्रकार सडपातळ वृक्षांचा. भाजीचा शेवगा, कोकणी रानशेवगा आणि पेरेग्रिना या तीन जाती यात येतात. पेरेग्रिना तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर, अरबस्तानात व मृत समुद्राच्या परिसरात कोरड्या घळींत वाढते. तिचे रोपटे रुंद दलिकांचे असते व जमिनीखाली कंद असतो. आरंभीच्या कोरड्या हंगामांत वरचा कोंब वाळून जातो व झाड कंदातून पुन्हा फुटते. वय वाढते तसे पान लांब व दलिका लहान होत जातात. प्रौढ झाडाच्या दलिका लवकर गळतात आणि उरतात त्या पानाच्या हिरव्या काड्या. लांबून पाहणाऱ्यास ते झाड उलट्या खराट्यासारखे दिसते.

तिसऱ्या प्रकारात मांसल मुळांचे वृक्ष म्हणजे मोरिंगा आर्बोरिया व रुस्पोलियाना या दोन जाती, तर चौथ्यात कंदयुक्त झुडपे म्हणजे बोर्झियाना, लाँगिट्यूबा, पिग्मिया व रिव्ही या चार जाती मोडतात. या सहाही जाती सोमालिया, पूर्व इथिओपिया व ईशान्य केनिया या भागांपुरत्या मर्यादित आहेत. लाँगिट्यूबाची लांब नळीसारखी लाल फुले कुलात एकमेव आहेत. रुस्पोलियाना व रिव्ही ही नावे इटालियन प्रवासी यूजेनिओ रुस्पोली व त्यांच्या मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ डोमेनिको रिव्हा यांच्यावरून दिलेली आहेत. त्या मोहिमेतच १८९३ मध्ये रुस्पोली हत्तीच्या हल्ल्यात मारले गेले. आर्बोरियाचे वर्णन थेट १९८५ मध्ये झाले, यावरून या भागातील वनस्पतींची पाहणी किती उशिरा झाली याची कल्पना येते.

कंदयुक्त सहा जातींत स्टेनोपेटाला व पेरेग्रिना मिळवल्यास १३ पैकी आठ जाती 'आफ्रिकेचे शिंग' व त्याच्या लगतच्या प्रदेशात आढळतात. कुलाच्या वैविध्याचे केंद्र म्हणून हाच भाग ओळखला जातो. भारतातील दोन जाती या वितरणाच्या पूर्व टोकाला येतात.

भारतातील दोन जाती

भाजीच्या शेवग्याचे मूळ स्थान वायव्य भारतातील हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश मानले जाते. परंतु हजारो वर्षांच्या लागवडीमुळे खरोखर रानटी झाड कोणते व लागवडीतून सुटून वाढलेले कोणते, हे ठरवणे कठीण झाले आहे.

दुसरी जाती मोरिंगा कोंकनेन्सिस, म्हणजे कोकणी रानशेवगा. निमो यांनी दिलेले हे नाव डाल्झेल व गिब्सन यांच्या 'द बॉम्बे फ्लोरा' (१८६१) या ग्रंथात आले आहे. जातीनामात कोकण असले तरी ही जाती कोकणापुरती नाही. राजस्थान, गुजरात, दख्खन, आंध्र प्रदेश व तमिळनाडूतील कोरड्या टेकड्यांवर तसेच पाकिस्तानातील सिंध व बलुचिस्तानात ती आढळते.

रानशेवगा हा अनेकदा 'रानात उगवलेला शेवगा' समजला जातो आणि त्यामुळे त्याची वेगळी नोंद होत नाही. फरक मात्र स्पष्ट आहेत. रानशेवग्याचे खोड सरळ व जाड सालीचे असते. पाने सहसा दोनदाच विभागलेली असतात व दलिका भाजीच्या शेवग्यापेक्षा ठळकपणे मोठ्या असतात. फुलोरा लवविरहित असतो, तर भाजीच्या शेवग्याचा फुलोरा बारीक लवदार असतो. रानशेवग्याच्या पिवळसर पाकळ्यांवर तांबड्या रेषा असतात. त्याच्या शेंगा कडवट असल्या तरी काही भागांत कोवळ्या शेंगा, फुले व पाने खाल्ली जातात आणि आदिवासी वैद्यकात साल व मूळ वापरले जाते.

या जातीकडे दुर्लक्ष होणे शेतीच्या दृष्टीनेही परवडणारे नाही. भाजीच्या शेवग्याची ती जवळची नातेवाईक असून अतिकोरड्या, खडकाळ जमिनीत वाढते. लागवडीतल्या वाणांना पुढे कधी दुष्काळ किंवा रोग सहन करण्याचे गुण द्यावयाचे झाल्यास ते अशाच रानटी जातींत शोधावे लागतात.

लागवड

शेवगा बियांपासून किंवा फाट्यांपासून लावतात. मनगटाएवढ्या जाडीचा फाटा पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत रोवला तरी तो फुटतो, त्यामुळे कुंपणाला व विहिरीच्या कडेला शेवगा लावण्याची जुनी पद्धत आहे. मात्र अशा बहुवर्षायू झाडांना शेंगा येण्यास वेळ लागतो व त्यांची गुणवत्ता झाडागणिक बदलते.

तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम येथील उद्यानविद्या महाविद्यालयाने विकसित केलेल्या पीकेएम-१ व पीकेएम-२ या वाणांनी हे चित्र बदलले. हे वाण बियांपासून लावले जातात व पहिल्याच वर्षी लांब शेंगा देतात. दरवर्षी छाटणी करून त्यांचे खोडवा पीकही घेता येते. महाराष्ट्रात दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण रुचिरा' हा वाण दिला आहे. कमी पाण्यात येणारे पीक म्हणून राज्याच्या अवर्षणप्रवण भागांतही शेवग्याची शेती होते. साचलेले पाणी मात्र शेवग्याला सोसत नाही व मुळे कुजतात.

झाडाचा सर्वांत परिचित शत्रू म्हणजे युप्टेरोटी मोलिफेरा या पतंगाचे सुरवंट. ते खोडावर दाट घोळक्याने बसतात व रात्री पाला फस्त करतात. त्यांचे केस अंगाला लागल्यास खाज सुटते. घराजवळ शेवगा नको म्हणणाऱ्यांचा आक्षेप बहुधा या सुरवंटांना आणि ठिसूळ फांद्यांना असतो.

अन्न म्हणून उपयोग

महाराष्ट्रात शेंगा आमटीत, पिठल्यात व रश्श्यात घालतात. कोवळ्या पाल्याची व फुलांची भाजी करतात. सिंधुदुर्ग व लगतच्या भागात गोकुळाष्टमीला पाल्याची भाजी करण्याची प्रथा असून मालवणीत तिला शेगलाची भाजी म्हणतात. दक्षिण भारतात सांबारातील शेंग नित्याची आहे. फिलिपिन्समध्ये शेंगांपेक्षा पाल्याला (मालुंगाय) अधिक मागणी आहे व तो कोंबडीच्या सूपात घालतात.

पाल्यात प्रथिने, कॅल्शियम, लोह, अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य कॅरोटिन आणि क जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात असते. परंतु जाहिरातींत आढळणारी 'संत्र्याच्या इतके पट, दुधाच्या इतके पट' ही तुलना बऱ्याचदा फसवी असते. वाळवलेल्या पावडरीतून जवळपास सर्व पाणी निघून गेलेले असते, त्यामुळे तिच्या १०० ग्रॅमची तुलना ताज्या फळाच्या किंवा दुधाच्या १०० ग्रॅमशी केल्यास आकडे फुगतात. कोणीही एका वेळी १०० ग्रॅम पावडर खात नाही. क जीवनसत्त्व तर वाळवताना व शिजवताना मोठ्या प्रमाणात नष्ट होते, आणि कॅल्शियमचा काही भाग ऑक्झलेटच्या रूपात असल्यामुळे शरीराला मिळत नाही. नियमित खाण्यात असलेली पालेभाजी म्हणून शेवग्याचे मोल यामुळे कमी होत नाही. मधुमेह, रक्तदाब इत्यादींवर त्याचा परिणाम तपासणारे बरेचसे प्रयोग प्राण्यांवर किंवा थोड्या माणसांवर झालेले आहेत. त्यांच्या आधारे चालू औषधे बंद करणे धोक्याचे ठरू शकते.

तेल

बियांत वजनाच्या सुमारे ३० ते ४० टक्के तेल असते. त्यात ओलेइक आम्ल सुमारे ७० टक्के असते. 'बेन तेल' या नावाने ओळखले जाणारे हे तेल लवकर खवट होत नाही व फुलांचा गंध धरून ठेवते, म्हणून अत्तरे व सुगंधी लेपांसाठी प्राचीन काळापासून त्याचा वापर झाला. ईजिप्त व भूमध्य समुद्राच्या परिसरात ते मुख्यतः पेरेग्रिनाच्या बियांपासून मिळत असे. घड्याळांसारख्या नाजूक यंत्रांच्या वंगणासाठीही ते वापरात होते. या तेलात आढळणाऱ्या २२ कार्बन अणूंच्या स्निग्धाम्लाला बेहेनिक आम्ल हे नाव त्यावरूनच मिळाले.

पाणी निवळणे

सुदानमध्ये नाईलचे गढूळ पाणी निवळण्यासाठी स्त्रिया शेवग्याच्या बियांची पूड वापरत. जर्मन संशोधिका सामिया अल अझारिया यान यांनी १९७० च्या दशकापासून या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला. बियांतील काही लहान प्रथिनांवर धन विद्युतभार असतो, तर पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांवर ऋण. पूड पाण्यात ढवळली की प्रथिने कणांना चिकटून त्यांचे पुंजके बनवतात व ते तळाशी बसतात. त्यांच्याबरोबर बरेचसे जीवाणूही खाली जातात. तुरटीही गाळ बसवण्याचेच काम करते. तेल काढून उरलेल्या पेंडेतही हा गुण टिकतो, त्यामुळे एकाच बियाचा दुहेरी उपयोग होतो.

या पद्धतीच्या मर्यादा तितक्याच महत्त्वाच्या आहेत. पूड जितकी गढूळ पाण्यात उपयोगी तितकी जवळपास स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात नाही. निवळलेले पाणी पूर्ण निर्जंतुक नसते. शिवाय पुडीतील सेंद्रिय द्रव्ये पाण्यात उरतात व त्यांवर जीवाणू पुन्हा वाढू शकतात. म्हणून असे पाणी साठवून न ठेवता लवकर वापरावे व पिण्यापूर्वी उकळावे लागते.

संवर्धन

कुलातील एका जातीचा प्रसार सर्व उष्ण कटिबंधात झालेला असताना तिच्या भगिनी जातींची स्थिती नाजूक आहे. मादागास्करमधील हिल्डेब्रांड्टी ही जाती रानातून नाहीशी झाली असून केवळ स्थानिक लोकांनी गावांत लावलेल्या झाडांमुळे टिकून आहे, असा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. तेथील रहिवाशांनी ही झाडे वस्तीत लावून पिढ्यान्‌पिढ्या राखली होती. आर्बोरिया व पिग्मिया या जाती फार थोड्या ठिकाणांहून माहीत आहेत आणि त्यांच्या प्रदेशात दीर्घकाळ अस्थैर्य असल्याने पुन्हा पाहणी करणे अवघड झाले आहे. पेरेग्रिनाच्या झाडांवर चराई, सरपणासाठी तोड व बियांची वेचणी यांचा ताण आहे. बी रुजल्यावर कंद पोसला जाईपर्यंतची काही वर्षे रोपे शेळ्या-उंटांच्या तोंडी पडतात, त्यामुळे जुनी झाडे उभी असूनही त्यांच्याभोवती नवी दिसत नाहीत.

काही रानटी जातींचे बी वनस्पती उद्यानांत व संशोधकांच्या संग्रहांत जतन केलेले आहे. लागवडीच्या शेवग्यावर झालेल्या संशोधनाच्या तुलनेत त्यांच्यावरील संशोधन अत्यल्प आहे. कोकणी रानशेवग्याच्या बाबतीत पहिली गरज साध्या नोंदींची आहे. पानाचे दोनदा विभागणे, मोठ्या दलिका व लवविरहित फुलोरा ही तीन लक्षणे पाहिली तरी रानातले झाड भाजीच्या शेवग्यापासून वेगळे ओळखता येते.